हेराल्डचं इंजिन आणि मापाची वही

घरी इंजिन खोलायला बसणाऱ्याला लोक हत्यारांबद्दल विचारतात. पाने कुठले, टॉर्क रेंच आहे का, इंजिन उचलणार कशाने? माझं म्हणणं, आधी महिना विचारावा. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमचं शिवथर तर सह्याद्रीच्या अगदी पायाशी. आषाढ-श्रावणात शिवथरघळीचा धबधबा बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, तेव्हा इथल्या घरांत मिठाला पाणी सुटलेलं असतं आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी असते. अशा हवेत नुकताच हॉन केलेला, म्हणजे दगडाने बारीक घासलेला, सिलिंडरचा बोअर साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला आणि चहाला आत गेलात, तर परत येईतो त्याच्यावर तांबूस झाक धरलेली असते. ती पुसली जाते, पण हॉनिंगच्या बारीक रेघांत शिरलेला गंज सहजी निघत नाही.

पाऊस सरला म्हणून लगेच बसावं, तर कार्तिकात भाताची झोडणी. खळ्यावरून उडणारं तूस आणि धूळ दाराच्या फटीतून आत येते. माघ संपत आला की डोंगरउतारावर राब भाजायला सुरुवात होते आणि राख वाऱ्यावर गावभर फिरते. बेअरिंगच्या दृष्टीने राख आणि पॉलिश पेपर यांत फारसा फरक नाही. उरतात ते मार्गशीर्ष, पौष आणि माघाचा पूर्वार्ध. इंजिन उघडायचं ते तेव्हाच. सुटे भाग आणणं, पुस्तक वाचणं हे सगळं त्याआधी किंवा नंतर. पावसाळ्याच्या तोंडावर, आगोटीच्या धांदलीत इंजिन उघडं टाकू नये. काम अर्धवट राहतंच, आणि पुढचे चार महिने ब्लॉक ताडपत्रीखाली घाम गाळत बसतो.

आता गाडीबद्दल. आमच्या घरात आहे ती स्टँडर्ड हेराल्ड, मार्क थ्री, चार दारांची. मामांची होती. त्यांच्या पश्चात पुण्याहून इकडे आली. मद्रासजवळच्या वंडलूरला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षं हेराल्ड बनवली. मूळ गाडी इंग्लंडमधल्या ट्रायम्फची, १९५९ची, आकार दिला इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने. चार दारांची हेराल्ड मात्र खास हिंदुस्थानची. इंग्रजांनी ती कधी केली नाही. फियाट आणि अँबेसेडरच्या जमान्यात ही गाडी ठेवणारे थोडे. ज्यांनी ठेवली त्यांना तिच्या इंजिनाचं कौतुक असायचं, आणि त्याला कारण होतं. ट्रायम्फने १९६२मध्ये स्पिटफायर नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार आणली, ती हेराल्डचीच चौकट आखूड करून. इंजिनही त्याच घराण्यातलं: हेराल्डचं ९४८ सीसी, स्पिटफायरचं तेच रुंद करून ११४७. आपल्याकडे खरी स्पोर्ट्‌स कार बनवण्याचे प्रयत्न फार थोडे झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने गोव्यात स्टॉर्म नावाची छोटी उघडी गाडी रेनोचं इंजिन घालून काढली, ती लोकांच्या लक्षात आहे. तेव्हा स्पोर्ट्‌स कारचं जुनं इंजिन घरी बांधायची हौस असेल, तर आपल्या माणसाला त्यातल्या त्यात जवळची वाट हेराल्डची. बॉनेट चाकांवरच्या पत्र्यांसकट अख्खं पुढे उलटतं. टायरवर बसून इंजिनाला हात घालता येतो. एवढी सोय आजच्या कोणत्याही गाडीत नाही.

या इंजिनाने मला जो धडा दिला, तो मी बांधायला घेण्याच्या आधीचा आहे. मामांनी शेवटच्या वर्षांत एका गॅरेजमध्ये इंजिनाचं पूर्ण काम करून घेतलं होतं. नवे रिंग, नवे बेअरिंग, सगळ्याची पावती होती. गाडी भोरमार्गे वरंध घाटातून इकडे उतरली तेव्हा छान चालत होती. मग एक गोष्ट खटकू लागली. गाडी उभी, इंजिन चालू, आणि क्लच दाबला की इंजिनाचा आवाज बसायचा; सोडला की पुन्हा वर यायचा. पुढे गिअर टाकताना खरखर व्हायला लागली. महाडच्या एका जाणत्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून मला क्लच दाबायला सांगितला आणि स्वतः पुढच्या पुलीकडे बघत राहिले. म्हणाले, "भाऊ, घरी न्या आणि आता चालवू नका. क्रँक पुढेमागे चाललाय."

ऑइल पॅन उतरवला तर तेलात अर्धचंद्राच्या आकाराची एक पातळ पट्टी पडलेली. हा थ्रस्ट वॉशर. क्रँकशाफ्ट मागेपुढे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना असे दोन अर्धे वॉशर असतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार येतो तो फ्लायव्हीलकडच्या वॉशरवर. वॉशरच्या एका अंगाला बेअरिंगचा मऊ धातू आणि तेलासाठी खाचा, दुसऱ्या अंगाला साधं पोलाद. खाचांचं अंग क्रँककडे हवं. गॅरेजवाल्याने वॉशर उलटा घातला होता. पोलादाने पोलाद घासलं, वॉशर झिजून पातळ झाला आणि एक दिवस जागेवरून फिरून खाली पडला. त्यानंतर क्रँक थेट ब्लॉकवर घासत राहिला. क्रँकच्या त्या तोंडावर नखाला लागतील अशा गोल गोल खाचा पडल्या होत्या.

वॉशरची किंमत तशी काहीच नाही. तो उलटा पडल्यामुळे क्रँक खराब झाला. हेराल्ड, स्पिटफायर अशा या घराण्याच्या इंजिनांची ही जुनी, प्रसिद्ध खोड आहे. ज्याने हे इंजिन आधी कधी खोललं नाही, त्याला ती ठाऊक नसते, मग तो इतर गाड्यांत कितीही तरबेज असो. म्हणून पहिली गोष्ट सांगतो. "मी सगळी इंजिनं केलीत" असं म्हणणाऱ्यापेक्षा "हे इंजिन मी केलंय" असं म्हणणारा माणूस शोधा. तो सापडला नाही, तर त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवून स्वतः बसा. हेराल्डच्या बाबतीत हे जमतं, कारण ट्रायम्फची पुस्तकं आजही मिळतात आणि इंग्लंडमध्ये या इंजिनाचे सुटे भाग अजून नवे तयार होतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईला ऑपेरा हाऊसच्या बाजारात जुन्या फियाटचा माल चौकशी केल्यास निघतो. हेराल्डचा निघणं नशिबावर. परदेशात कोणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडून मागवा, पण सीमाशुल्क धरूनच हिशेब करा.

मी नोकरीची वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. तिथे एकच सवय लागली: हातात आलेल्या वस्तूचं माप आधी घ्यायचं, मत नंतर द्यायचं. इंजिन उघडल्यावर मी शाळेच्या साध्या रेघी वहीत एकेक पान एकेका भागाला दिलं. बोअरची मापं वर, मध्ये आणि खाली, त्यातही पुढे-मागे आणि आडवी. क्रँकच्या प्रत्येक जर्नलची मापं दोन दिशांना. क्रँकचा मागे-पुढे खेळ डायल गेज लावून. हेराल्डला हा खेळ साधारण चार ते आठ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, असावा. आमच्या गाडीत डायलचा काटा गोल फिरून गेला होता. मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल गेज ही तीन हत्यारं विकत घेणं परवडत नसेल तर कुणाकडून तरी उसनी आणा. महाडच्या एमआयडीसीत, पुण्यात भोसरीला ती घरोघर नसली तरी शेडोशेड आहेत. पाने-पकडींवर पैसे उधळून या तीन हत्यारांना कात्री लावणारे मी फार पाहिले.

वहीचा खरा उपयोग मशीनशॉपच्या दारात होतो. ब्लॉक आणि क्रँक बाहेर द्यावेच लागतात. बोअर करायला, क्रँक ग्राइंड करायला लागणारी यंत्रं घरात असत नाहीत. पण ब्लॉक टेम्पोत टाकून "करून द्या" म्हणणं म्हणजे मुलीचं लग्न ठरवून मुलाचं नाव न विचारण्यासारखं. आधी पिस्टन विकत आणा. ओव्हरसाइज पिस्टन दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ अशा टप्प्यांत येतात. कोणत्या मापाचा संच हातात येतो ते आधी कळू द्या, मग तोच संच मशीनशॉपला द्या आणि सांगा, प्रत्येक बोअर त्याच्या त्याच्या पिस्टनला धरून करा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणाऱ्याला महिनोन्महिने पिस्टन मिळत नाहीत, आणि मिळाले तर दुसऱ्याच मापाचे. क्रँकचंही तसंच. बेअरिंग दहा थाऊ अंडरसाइजचे मिळणार की वीसचे, ते हातात आल्यावरच ग्राइंडरवाल्याकडे जा. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: जर्नल जिथे क्रँकच्या बाजूच्या भिंतीला मिळतो तिथला गोलवा जसाच्या तसा राहू दे. तिथे काटकोनी धार राहिली, तर क्रँकला तडा जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

काम झाल्यावर मी माझी गेज घेऊन गेलो आणि तिथेच बोअर मोजायला बसलो. दुकानातला तरुण जरा हसला. "काका, आम्ही रोज ब्लॉक करतो." मी म्हटलं, "म्हणूनच मोजतोय बाळा, रोजच्या कामात नजर बसते." माप बरोबर निघालं. माप बरोबर निघालं तरी मोजावं, आणि ते पैसे देण्याआधी मोजावं. पैसे दिल्यावर सापडलेला दोष तुमचा असतो.

घोटाळा मापात नव्हता, तो निघाला सफाईत. ब्लॉक "वॉश करून" दिला होता. रंगही मारला होता, छान निळा. घरी आल्यावर मी तेलाच्या आडव्या मार्गाचे दोन्ही टोकांचे बूच काढले आणि बाटली धुवायच्या लांब ब्रशवर पांढरं फडकं गुंडाळून आतून ओढलं. बाहेर आलं ते राखाडी काजळासारखं. बोटांत चोळलं तर कचकच लागली. हॉनिंगचं दगडचूर्ण आणि लोखंडाचा कीस तेलात कालवून तयार झालेलं ते मलम होतं. क्रँकच्या आतल्या तिरक्या छिद्रांतूनही तेच निघालं. हे तसंच ठेवून इंजिन बांधलं असतं, तर पहिल्याच दिवशी तेलाच्या दाबाने ते सगळं नव्या बेअरिंगच्या तोंडात गेलं असतं. मग चार महिन्यांनी लोक म्हणाले असते, बेअरिंग हलके होते.

म्हणून सांगतो, धुणं दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका, भले त्याने धुऊन दिलेलं असो. आणि धुवायचं तर रॉकेलने किंवा डिझेलने नव्हे. रॉकेल चिकट तेल काढतं, पण बोअरमधला बारीक कीस रेघांतच सोडून जातं. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि ताठ केसांचा ब्रश. घासायचं, फेकायचं, पुन्हा घासायचं. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. शेवटी भरपूर गरम पाणी, म्हणजे ब्लॉक स्वतःच्या उष्णतेने पटकन वाळतो. हवा मारायला कंप्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडे न्या. मग लगोलग तेलाचं फडकं. आमच्या परसात न्हाणीघराचा बंब पेटवून हे काम केलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाळंतिणीला नसेल एवढं गरम पाणी या लोखंडाला!"

पान्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात एकच फसगत आहे. हेराल्डचे बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून लोक तेराचा पाना लावतात. तो बसतो. मग घट्ट बोल्टवर जोर आला की सटकतो आणि बोल्टची डोकी गोल होतात. सात-सोळांशला अकराचा आणि नऊ-सोळांशला चौदाचा पाना तर धड बसतही नाही. इंची रिंग पान्यांचा एक संच घ्या. हेड, मेन आणि बिगएंडसाठी टॉर्क रेंच लागतोच. "हाताला कळतं" हे हात वीस वर्षं तेच इंजिन करत असेल तरच खरं.

इंजिन उचलणं हा जीवाचा प्रश्न आहे. ते शंभर किलोच्या आसपास भरतं. जुन्या घरांत पडवीच्या वाशाला चेन ब्लॉक लावून इंजिन काढणारे लोक आहेत. वासा वाळवीने आतून पोखरलेला असला तर बाहेरून कळत नाही. तीन जाड लोखंडी पाइपांची तिवई करा, किंवा भाड्याची क्रेन आणा. लटकत्या इंजिनाखाली हात-पाय घालू नका, मुलांना अंगणातून बाहेर काढा. बॉनेट आधीच उतरवून ठेवा. चौघांनी धरलं की ते सहज निघतं.

जुळवणीच्या काही गोष्टी, ज्या मॅन्युअल सांगतं पण वाचणारा ओलांडून जातो. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकांत बदलायच्या नाहीत. खुणा नसतील तर खोलण्याआधीच पंचाने ठिपके मारा. टॅपेट आणि पुशरॉड जुनेच वापरणार असाल तर ज्याचा तो ज्याच्या त्याच्या घरात. मी त्यासाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे वापरले, प्रत्येक खळग्याला पेनने आकडा. नवा रिंग बोअरमध्ये सपाट सरकवून त्याच्या दोन टोकांतली फट फीलरने मोजायची. इंचाला तीन-चार थाऊ धरले तर या अडीच इंची बोअरला आठ-दहा थाऊ होतात. फट कमी असेल तर रिंग गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटतो. क्रँकच्या पुढच्या टोकाखाली अ‍ॅल्युमिनियमचा एक आडवा तुकडा असतो, त्यातले आटे लगेच जातात, जोर लावू नका. त्याच तुकड्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या बारीक चिपा ठोकाव्या लागतात. हे वाचून आमच्या पुतण्याला वाटलं मी थट्टा करतोय. इंग्रजांनी मोटारीच्या इंजिनात लाकूड घातलं आहे, आणि ते नीट बसलं नाही तर तेल गळतं.

थ्रस्ट वॉशर बसवताना मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं: खाचा बाहेर, क्रँककडे. मग डायल लावून खेळ मोजला, वहीत लिहिला. झिजलेल्या तोंडासाठी जाडीने जास्त वॉशरही मिळतात, तसा एक लागला. हा वॉशर बदलायला इंजिन काढावं लागत नाही. ऑइल पॅन आणि मागची मेन टोपी उतरवली की तो सरकवून काढता येतो. दर एक-दोन वर्षांनी खेळ मोजत राहा. आणि घाटात वाहतूक अडली असता क्लच दाबून, गिअरमध्ये बसून राहायची सवय असेल तर ती सोडा. न्यूट्रल करा, पाय काढा. या इंजिनाचं निम्मं आयुष्य चालकाच्या डाव्या पायात आहे.

पेट्रोलबद्दल दोन गोष्टी. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. सन २०००पासून आपल्याकडे शिसं बंद झालं. शिसं एक्झॉस्ट वाल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं वाचवत असे. ते गेल्यावर जुन्या ओतीव हेडची मऊ बैठक हळूहळू आत घुसते, टॅपेटची फट बुजते आणि वाल्व्ह जळतो. हेड उघडलंच आहे तर त्यात कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घ्या. हा खर्च पुन्हा नाही. दुसरं, आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा ते फुगवतं, चिरवतं. नळ्या, पडदा, कार्बोरेटरचे वॉशर सगळे इथेनॉल सोसणारे घाला, नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकेल. आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी तशीच ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या हवेत पाणी भरपूर.

पहिल्यांदा सुरू करायच्या आधी प्लग काढून ठेवा आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत सेल्फने इंजिन फिरवा, म्हणजे बेअरिंगला कोरडी सुरुवात होत नाही. तेल वीस-पन्नास ग्रेडचं, आणि जस्त जास्त असलेलं बघून घ्या; सपाट टॅपेटच्या जुन्या कॅमला ते लागतं. टॅपेटची फट दहा थाऊ, इंजिन थंड असताना. इथे एक जुनी युक्ती चालते: आठ वाल्व्ह आहेत, जो पूर्ण उघडा असेल त्याचा क्रमांक नऊमधून वजा करा, उरेल त्या क्रमांकाचा टॅपेट लावा. इंजिन गरम होऊन थंड झालं की मॅन्युअल सांगेल तसं हेड पुन्हा टॉर्क करा आणि टॅपेट परत तपासा.

स्पिटफायरची ऐट आणायची म्हणून काही जण दोन कार्बोरेटर बसवतात, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवतात. मी नको म्हणतो, आणि कारण इंजिनाचं नाही. हेराल्डची मागची चाकं झुलत्या एक्सलवर आहेत. जोरात वळणात शिरून मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला, तर मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी ढुंगण फिरवते. वरंध घाटातली वळणं त्यासाठी नाहीत. इंजिन मूळ ताकदीचं, पण नीट बांधलेलं ठेवा.

कागदपत्रांचंही बघा. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक निकामी होऊन दुसरा घालायची वेळ आली, तर त्याची नोंद आरसीवर करावी लागते. आमच्याकडचं काम पेणच्या आरटीओत. मूळ ब्लॉकला तडा असेल तरी भंगारात टाकू नका. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये विंटेजची वेगळी नोंदणी आणली, व्हीए अक्षरांच्या पाटीची, पहिली फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. तिच्यात अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शनं, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर. चालवायची हौस असेल तर साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणं बरं.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो, कारण ती आमच्या भागातल्या सगळ्यांच्या कामाची आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडालं. त्याच दिवसांत महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली आणि माणसं गेली, त्यापुढे गाड्यांचं काय बोलायचं. पण पूर ओसरल्यावर आठवडाभर जो तो आपली दुचाकी, रिक्षा, जीप सुरू होते का ते बघत होता, आणि सेल्फ मारून मारून कित्येक इंजिनं लोकांनी तेव्हा मोडली. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याखाली गेलेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवा. स्पार्क प्लग, डिझेल असेल तर इंजेक्टर काढा. इंजिन हाताने सावकाश फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. ऑइल काढून टाका. चिखल-पाणी तळाशी बसलेलं दिसेल. नवं तेल घाला, थोडं फिरवा, तेही टाका. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा. त्यानंतर सुरू करायचा विचार. विमा असेल तर कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत काहीच करू नका, फोटो काढून ठेवा.

राहिलं ते गाडी विकत घेणाऱ्यासाठी. हेराल्ड, तिच्यानंतरची गझेल किंवा कुणाकडे परदेशातून आलेली स्पिटफायर बघायला जाल तेव्हा रंग आणि सीट नंतर बघा. बॉनेट उलटा, बरोबरच्या माणसाला क्लच दाबा-सोडायला सांगा आणि पुढच्या पुलीवर नजर ठेवा. पुली जागची हलताना डोळ्याला दिसली, तर मालकाला आणखी काही विचारू नका. किंमत क्रँकच्या हिशेबाने सांगा, आणि गाडी चालवत नव्हे, टेम्पोत घालून घरी न्या.